दोन गठ्ठ्यांची वाटणी

फेब्रुवारीच्या आरंभी रिसोडच्या त्या शाळेत विज्ञानाचे सगळे प्रयोग खोळंबले, कारण प्रयोगशाळेची टेबले गणिताने व्यापली होती. परीक्षानळ्यांचे स्टँड भिंतीकडे सरकवून सुकेशनीबाई इंगोले यांनी तेथे आपली प्रश्नपेढी मांडली होती. प्रत्येक प्रश्नाचे एक कार्ड. पुढच्या बाजूस प्रश्न, कोपऱ्यात घटकाचे नाव, आणि मागे पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा. सराव चाचणीत शंभरांतील किती मुलांना तो प्रश्न सुटला, हे त्या आकड्यावरून कळे. ज्याच्या पाठीवर नव्वद, तो प्रश्न म्हणजे गरीब गाय. ज्याच्या पाठीवर वीस, तो मारका बैल. या कळपातून बाईंना दोन प्रश्नपत्रिका हाकून न्यायच्या होत्या, आणि त्या दोन्ही तंतोतंत एका वजनाच्या असाव्यात, अशी अट होती.

अट कोणी घातली, हे सांगण्यापूर्वी पत्रिका दोन का, ते सांगितले पाहिजे. तालुक्यातील सातवीच्या मुलांसाठी बाईंनी ही गणित चाचणी सुरू केली, ती एका हट्टापायी: शहरातील मुले, खेड्यांतील मुले आणि तांड्यावरील मुले यांची नावे एकाच यादीत लागावीत. यादीतील मुलांना उन्हाळ्यात वाशीमच्या गणित शिबिरात जायला मिळे. शाळेचे सभागृह मात्र बेताचे. एका वेळी निम्मीच मुले त्यात मावत. म्हणून सकाळी रिसोडची मुले बसत आणि दुपारी बाहेरगावची. पत्रिका एकच ठेवावी, तर सकाळचे प्रश्न दुपारपर्यंत फाटकाबाहेर पाठ झालेले असत. तेव्हा दोन पत्रिकांवाचून गत्यंतर नव्हते.

गेल्या वर्षी घोटाळा झाला तो येथेच. प्रसेनजित खिल्लारे हे शाळेतील गणिताचे ज्येष्ठ शिक्षक. त्यांनी प्रत्येक घटकाचे प्रश्न मोजून निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे टाकले, आणि वाटणी झाली असे मानले. आंबे मोजून वाटले होते, यात शंका नाही. पण एका टोपलीत पाडाचे गेले आणि दुसरीत कैऱ्या. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तांड्यावरच्या आश्रमशाळेचे गणित शिक्षक हेमसिंग आडे दोन्ही पत्रिका घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, हे काय हाय?"

"पेपर हायेत सर. सकाळचा अन् दुपारचा."

"एक पेपर हाय अन् एक पहाड हाय," आडे सर म्हणाले. "कोणता कोणाले देला, तेवढं सांगा."

बाईंनी त्याच दिवशी दोन्ही पत्रिका स्वतः सोडवून पाहिल्या. सकाळची पत्रिका चहा निवण्याआधी संपली. दुपारच्या पत्रिकेने चुलीवरचे वरण करपवले. त्यांनी आडे सरांना फोन करून चूक कबूल केली. आडे सरांनी ती उदारपणे स्वीकारली आणि तितक्याच उदारपणे पुढची अट घातली:

"यंदा जे झालं ते झालं. पुढच्या साली दोन्ही पेपर सारके दिसले तर पोरं घेऊन येतो. नाई तर आमची चाचणी आमी तांड्यावर घेऊ. तुमची यादी तुमच्यापाशी, आमची आमच्यापाशी."

दोन याद्या! ज्या हट्टासाठी एवढा खटाटोप मांडला, तो हट्टच मग उरत नव्हता. तेव्हापासून बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: तांड्यावरची मुले आली पाहिजेत, आणि ती यावीत म्हणून आडे सरांची खात्री पटली पाहिजे.

यंदा खिल्लारे सरांनी कंबर कसली. प्रश्न मोजायचे नाहीत, तोलायचे, असे त्यांनी ठरवले. म्हणूनच कार्डांच्या पाठीवर आकडे आले. सोपा प्रश्न इकडे गेला की तेवढाच सोपा तिकडे, अवघड तिकडे गेला की तसाच अवघड इकडे. अशी जुळवाजुळव करून त्यांनी दोन्ही गठ्ठ्यांची सरासरी काढली. ती दशांशापर्यंत जुळली. आडे सरांना मुद्दाम बोलावून त्यांनी ते दोन आकडे फळ्यावर लिहिले आणि खडू खाली ठेवून हात झटकले.

"घ्या. आता बोला."

आडे सरांनी आकड्यांकडे पाहिले नाही. त्यांनी एक कार्ड उचलून उलटे केले.

"हे नव्वद कोण्या पोरायचे?"

"आमच्या सातवीचे. अ अन् ब, दोन्ही तुकड्यांचे."

"म्हंजे नाप तुमच्या पायाचा घेतला, अन् जोडा माया पोरायले घालून राह्यले!"

खिल्लारे सर उसळले. गणिताला गाव नसते, शून्य रिसोडात असते तसेच तांड्यावर असते, असे त्यांनी बरेच ऐकवले. आडे सरांनी मान डोलावत सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले की, तसे असेल तर हीच कार्डे माझ्या वर्गात फिरवून पाहायला हरकत कसली? हरकत कसलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात तांड्यावर सराव चाचणी झाली आणि प्रत्येक कार्डाच्या पाठीवर निळ्या पेनाने दुसरा आकडा चढला.

ते निळे आकडे पाहून सुकेशनीबाई खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. कपड्याच्या दुकानातील सवलतीचा प्रश्न शहरात सोपा होता, तांड्यावर तो अवघड ठरला. आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेली मुले टनाचे क्विंटल तोंडी करीत होती, आणि शहरातील मुले त्याच प्रश्नात बुडाली होती. परंतु सर्वांत मोठे आश्चर्य एका साध्या भागाकाराने घडवले. प्रश्न असा होता: एका जीपमध्ये नऊ प्रवासी बसतात, तर सत्तावीस प्रवाशांना नेण्यास किती फेऱ्या लागतील? रिसोडात तो जवळजवळ सर्वांना आला होता. तांड्यावर एकालाही आला नव्हता. बहुतेकांनी ‘दोन’ लिहिले होते. एकाने ‘एक’ लिहून पुढे खुलासा केला होता: ‘पोरं टपावर.’

खिल्लारे सरांना आनंदच झाला. "पाहा! नऊनं भागता येत नाई तुमच्या पोरायले."

"भागता येते," आडे सर म्हणाले, "पण नऊवर जीप हालत नाई. तुमी तर शेलूबाजारचे, जीपनंच येता. स्टँडवरचा डायवर नऊ शिटांवर गाडीले सेल मारते काय, खरं सांगा?"

"प्रश्नात लिवलं हाये नऊ बसते म्हणून!"

"लिवलेलं तर जीपच्या दारावरबी असते. वाचते कोण?"

"मंग तुमच्या मतानं उत्तर दोन?"

"माया मतानं नाई जी. डायवरच्या मतानं."

यावर खिल्लारे सरांनी टेबलावर अशी थाप मारली की एक परीक्षानळी स्टँडमधून निसटून फुटली. शिपाई झाडू घेऊन येईपर्यंत दोघेही काचेभोवती पाय उचलून उभे होते आणि तसेच उभ्याने भांडत होते.

भांडणाचे मूळ मात्र जीपहून खोल गेले होते, हे बाईंनी ओळखले. पेन्सिलीच्या काळ्या आकड्यांनी तोलावे तर गठ्ठे सारखे, निळ्यांनी तोलावे तर तेच गठ्ठे तिरपे. दोन्ही आकड्यांनी तोलायचे झाल्यास कोणत्या आकड्याला किती मान द्यायचा, याचे सूत्र कोणी मांडायचे? एकाने मांडले तर दुसरा मानणार नव्हता. तीन बैठका झाल्या; चहा भरपूर झाला; निर्णय झाला नाही. तिसऱ्या बैठकीत आडे सर उठून उभे राहिले.

"बाई, तुमचा कसूर नाई. पण असं दिसून राह्यलं की हे काम सुधरत नाई. आमी आपली चाचणी तिकडंच घेतो."

"बसा सर," सुकेशनीबाई म्हणाल्या. "मले एक सांगा. तांड्यावर दोन भावांचं वावर वाटतात, ते कसं वाटतात?"

आडे सर बसले नाहीत, पण थांबले. "कसं म्हंजे? थोरला हिस्से पाडते, धाकटा पयला उचलते."

"आमच्याकडंबी तसंच. माया बाबाच्या अन् पुंजाजी मोठ्या बाबाच्या वाटणीले मी होती. मोठ्या बाबाले हिस्से पाडाचे होते. मानूस एरवी मोठा हावरट! पण पयला हात माया बाबाचा, हे मालूम होतं ना. मंग तो बांधाबांधानं फिरला. खडकाळ तुकडा कुठं, पाणी कुठं साचते, निंबाची सावली पिकावर किती पडते, सारं धुंडून धुंडून त्यानं दोन हिश्श्यांमधला धुरा असा आखला का, तहसीलदाराले नसता आखता आला."

मग खिल्लारे सरांच्या लक्षात आले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे मी गठ्ठे पाडू, अन् हे उचलतीन?"

"हो. जो गठ्ठा आडे सर उचलतीन, तो दुपारचा. राह्यलेला सकाळचा."

"अन् मी आदी दोन्ही पेपर पाहू?" आडे सरांनी विचारले. "मंग पोरायले सांगितले म्हणून बोंब नाई होणार काय?"

"परीक्षेच्या दिवशी सकाळी पाहाचे. हेडमास्तरांच्या खोलीत. फोन माया पर्समध्ये. दुपारचा पेपर वाटून होईपर्यंत तुमी खोलीबाहेर पडाचं नाई."

"नजरकैद!" खिल्लारे सर समाधानाने म्हणाले.

"कैदेत आलुबोंडे भेटतीन?" आडे सरांनी विचारले. ते भेटतील असे आश्वासन मिळाल्यावर त्यांनी एक हरकत मात्र नोंदवली. "पण मी धाकटा कायचा? माये केस पाहा अन् खिल्लारे सरायचे पाहा."

"माये रंगवलेले हायेत," खिल्लारे सरांनी नाइलाजाने कबूल केले, आणि थोरलेपणाचा प्रश्न निकालात निघाला.

त्यानंतरच्या दिवसांत सुकेशनीबाईंनी जे पाहिले, त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास बसेना. दशांशापर्यंत सरासरी जुळवून हात झटकणारे खिल्लारे सर आता एकेका कार्डापुढे मुनीसारखे बसू लागले. आडे सर कोणता गठ्ठा उचलतील, हे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून दोन्ही गठ्ठे दोन्हींकडच्या मुलांच्या डोळ्यांनी पाहणे त्यांना भाग पडले. चुकून एखादा गठ्ठा तांड्याला सोपा गेला, तर नेमका तोच उचलला जाईल आणि आपल्या मुलांच्या वाट्याला पहाड येईल, या धास्तीने ते तांड्याचे वकील झाले, आणि दुसऱ्याच क्षणी रिसोडचे. भर वर्गात शिकवता शिकवता थांबून ते बाईंच्या दाराशी येत.

"बाई, तो रेल्वेचा प्रश्न काढून टाकू. तांड्यावरची पोरं गाडी कुठं पाहते?"

"जऊळक्याले स्टेशन हाये सर. अर्ध्या तांड्याचे सोयरे तिकडंच राह्यतात. मीच विचारून आली."

"मंग माया पोरायनं नसंन पाहिली! आमची पोरं तर एसटीशिवाय हालत नाई." आणि ते रेल्वेचे कार्ड दुसऱ्या गठ्ठ्यात नेऊन ठेवीत, त्याच्या बदली तिकडून एक कार्ड आणीत, आणि त्या कार्डाने बिघडलेला तोल सावरण्यासाठी आणखी दोन इकडून तिकडे करीत. मुलांनी सरावात पाहिलेल्या प्रश्नांचे आकडे आणि प्रसंग त्यांनी बदलले. जीपचा प्रश्न तर त्यांनी स्वतःच्या हाताने नव्याने लिहिला: ‘एका शिस्तीच्या चालकाने नऊपेक्षा जास्त प्रवासी घेण्यास साफ नकार दिला.’ असा चालक तालुक्यात आढळत नाही, याची त्यांना कल्पना होती. परंतु गणितात तो असायला हरकत नव्हती. शुक्रवारी त्यांनी गठ्ठे सीलबंद केले, आणि शनिवारी सील फोडून पुन्हा दोन कार्डे बदलली.

रविवारी परीक्षा होती. आडे सर पहिल्या गाडीने आले. तांड्यावरची मुले आश्रमशाळेच्या शिपायाबरोबर मागाहून निघायची होती. मात्र आडे सरांचा शब्द मिळेपर्यंत निघायची नव्हती. गठ्ठे पटले नाहीत, तर बाईंच्या फोनवरून ‘येऊ नका’ एवढेच कळवायचे, असे ठरले होते. बाईंनी फोन पर्समध्ये टाकला, तेव्हा त्यांना तो विटेएवढा जड वाटला.

मुख्याध्यापकांच्या टेबलावर दोन पत्रिका मांडल्या गेल्या. वाटणीचा आणखी एक नियम आडे सरांनी ऐनवेळी आठवणीतून काढला: धाकटा उचलेपर्यंत थोरल्याने तोंड उघडायचे नाही. खिल्लारे सरांना हा नियम नवा होता, पण सुकेशनीबाईंनी तो खरा असल्याची साक्ष दिली. तेव्हा ते खिडकीजवळच्या खुर्चीत ओठ मिटून बसले. तीस वर्षे फळ्यापुढे बोललेल्या माणसाला ही शिक्षा आलुबोंड्याच्या कैदेपेक्षा कितीतरी कडक होती.

आडे सरांनी चष्मा पुसला आणि पहिली पत्रिका सोडवायला घेतली.

"हे बरं हाय," ते पुटपुटले. थोड्या वेळाने, "हे सोपंच हाय जी." खिल्लारे सरांच्या पायाचा अंगठा हलू लागला. मग आडे सर एका प्रश्नावर अडले, कपाळ खाजवले, खाडाखोड केली. "हे कोणं टाकलं? दुश्मनानं टाकलं." खिल्लारे सर खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. दुसऱ्या पत्रिकेचेही तसेच झाले: आरंभी सुसाट, मध्ये दमछाक, शेवटी खाडाखोड. जीपपाशी आल्यावर आडे सर थांबले, दोनदा वाचले आणि खांदे गदगदा हलवून हसले. "शिस्तीचा डायवर! कोण्या गावचा जी हा? मले भेटवून द्या!" खिल्लारे सरांनी उत्तरासाठी तोंड उघडले, बाईंनी बोट दाखवले, आणि ते मिटले.

बाहेर सभागृहाच्या दाराशी रिसोडची मुले जमू लागली होती. घंटेची वेळ आली. बाई उंबरठ्यावर उभ्या राहिल्या.

"सर, कोणता?"

आडे सरांनी एक पत्रिका उचलली, खाली ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. मग दोन्ही शेजारी लावून तराजूसारखे पाहत राहिले.

"बाई, यात डाव हाय."

बाईंचा हात पर्सवर गेला. "कसला डाव?"

"म्या दोन्ही सोडवले. दोन्हीले सारकाच येळ लागला. दोन्हीत सारकाच अडलो." त्यांनी केविलवाण्या मुद्रेने वर पाहिले. "डाव हाय, पण कुठं हाय ते सापडून नाई राह्यलं."

खिडकीजवळून एक विचित्र आवाज आला. खिल्लारे सर हसू दाबत होते की हुंदका, हे सांगणे कठीण होते.

"मंग चिठ्ठी टाकू काय?" बाईंनी विचारले.

"चिठ्ठी कायले? उचलाचा हक्क माया हाय, तो मी चिठ्ठीले देऊ?" आडे सरांनी पुन्हा दुसरी पत्रिका जवळ ओढली आणि एका प्रश्नावर बोट ठेवले. केशकर्तनालयाच्या आरशात समोरच्या भिंतीवरील घड्याळ सव्वातीन वाजलेले दाखवते, तर खरे किती वाजले, असा तो प्रश्न होता. "पयले म्या लिवलं सव्वातीन. मंग लिवलं पावणेतीन. मंग कागद उलटा करून उजेडात धरला, तवा कुठं पावणेनऊ निघाले. लय मज्या आली." त्यांनी पत्रिका छातीशी धरली. "हे माया पोरायले पायजे. सुटो ना सुटो, घरी जाईपावतर भांडत जातीन. करा बाई फोन. निघा म्हणा."

बाईंनी फोन केला. मग त्यांनी घंटा देण्यास सांगितले आणि पहिली पत्रिका सभागृहात नेली.

"आता बोलू काय?" मागे खिल्लारे सरांनी विचारले.

"बोला."

दुपारी बाई दुसरी पत्रिका वाटून परतल्या, तेव्हा खिल्लारे सर अजून बोलतच होते, आणि आलुबोंड्यांची पहिली परात संपली होती.

सायंकाळी मैदानावर खिचडीच्या पंगती बसल्या. निकाल लागायचा होता. पण सुकेशनीबाईंना आपला निकाल त्याआधीच, वाढता वाढता ऐकू आला. रिसोडची साक्षी आणि तांड्यावरचा सोमला पत्रावळी सोडून तावातावाने उभे होते, आणि दोन्हींकडची मुले आपापल्या बाजूस सरसावली होती.

"आमचा पेपर तुमच्यापेक्षा अवघड होता," साक्षी म्हणाली. "तुमाले तर सुटलाच नसता!"

"हट्! आमचा लय अवघड होता. आरशातलं घड्याळ होतं आमाले. तुले होतं काय?"

"आमाले पतंग होता. त्याची सावली काढाची होती!"

बाईंनी मागे वळून पाहिले. आडे सर हातातील पत्रावळ तशीच धरून ऐकत होते. कठीण पेपराची तक्रार घेऊन गतवर्षी ज्यांनी दार ठोठावले होते, तेच गृहस्थ आता छाती फुगवून पुढे झाले.

"सोमल्या बरोबर सांगून राह्यला. आमच्या पोरायचाच पेपर कठीण होता!"

"काहीच्या काही!" खिल्लारे सर गरजले. "सकाळचाच कठीण होता. दोन्ही मी काढले, मले मालूम नाई काय?"

"मंग सारके हायेत म्हणून कायले सांगितलं?"

"सारकेच हायेत! पण सकाळचा जास्त कठीण हाये!"

मुले भांडण विसरून या दोघांकडे पाहू लागली. आडे सरांनी पत्रावळ खाली ठेवली आणि बाह्या वर केल्या.

"ठीक हाय. पुढच्या साली हिस्से मी पाडतो. उचला तुमी."

"उचलीन ना," खिल्लारे सर म्हणाले. "पण मी उचलेपर्यंत तुमाले तोंड बंद ठेवा लागते. जमंन?"

आडे सर विचारात पडले. सुकेशनीबाईंनी दोघांच्याही पत्रावळीवर आणखी एकेक पळी खिचडी वाढली. कोणाला जास्त गेली, यावरून पुन्हा वाद होऊ नये, म्हणून नीट पाहून वाढली.